गुहेतली माती कुणासाठी ठेवायची?

गिरगाव चौपाटीवरून मरीन लाइन्स, चर्चगेट असं दक्षिणेकडे चालत गेलं की पायाखाली बॅकबेचा भराव लागतो. या भरावासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कांदिवलीची टेकडी फोडली आणि तिचा दगड-मुरूम रेल्वेने आणून समुद्रात टाकला. त्याच कांदिवलीच्या खाणीत आणि ओढ्याकाठी उघड्या पडलेल्या थरांमध्ये के. आर. यू. टॉड या नौदलातल्या अधिकाऱ्याला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. १९३२पासून तो त्यांवर लिहीत राहिला. १९३९ साली लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात मुंबईच्या पुराश्मयुगावरचा त्याचा लेख आला, १९५० साली ‘एन्शंट इंडिया’त सूक्ष्मास्त्रांवरचा, म्हणजे बारीक दगडी हत्यारांवरचा. मुंबईत माणूस किती जुना, या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे असं, टेकडी नाहीशी होत असताना मिळालं.

माझी आत्या गिरगावात राहते. तिचा जन्म उत्खननांत गेला. कोकणात आणि देशावर तिने थापी आणि ब्रश घेऊन काम केलं. माझा मोठा भाऊ परळला राहतो. रस्ता खणण्याआधी खाली कुठे पाण्याची वाहिनी आहे, कुठे केबल, कुठे पोकळी, हे यंत्रांनी शोधणं हा त्याचा व्यवसाय. या दोघांत गेले काही महिने एक वाद चालू आहे. तो मी ऐकत आले, आणि तो इथे मांडावासा वाटला, कारण तो फक्त आमच्या घरातला नाही.

वादाचं निमित्त सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं आता मराठी वाचकांना नवी नाहीत. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी. गोव्यातल्या एका ठिकाणासह अशी नऊ ठिकाणं २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पण ती उघड्या कातळावर कोरलेली आहेत. कातळावर माती साचत नाही, म्हणून थर नाहीत, आणि थर नाहीत म्हणून वय काढायला हाताशी काही नाही. ती कोरणारी माणसं कोण, कधीची, हे शोधायचं तर ती जिथे राहिली असतील तिथली माती हवी. म्हणून गुहा. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं आणि दगडी हत्यारं मिळाली. त्याआधी गुहागरजवळच्या पालशेतच्या सुसरोंडी गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना त्याहून कितीतरी जुनी, अश्यूलियन पद्धतीची हत्यारं मिळाली होती. त्यांचा लेख २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. कोकणात अशा आणखी गुहा असणार, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. दुमत आहे ते त्यांत आधी काय न्यायचं, यावर.

दादा : आत्या, मुद्दा साधा आहे. खणलं की थर संपला. पुन्हा खणता येत नाही. मग खणण्याआधी, जमिनीला हात न लावता जेवढं कळतं तेवढं का कळून घेऊ नये? शेतकरी बोअरवेल मारण्याआधी सर्वेक्षण करून घेतो. रस्ता खणण्याआधी आम्ही जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं टिपणारं रडार, फिरवतो. फक्त लाखभर वर्षांची माती तेवढी थेट कुदळीने उघडायची?

आत्या : कुदळीने कुणी उघडत नाही. आणि बोअरवेलवाला पाणी शोधतो. पाण्याने जमिनीचा गुण बदलतो, तो तुझ्या यंत्राला कळतो. मी काय शोधते? गारगोटीचा दोन सेंटीमीटरचा कपचा. त्याच्याभोवतीच्या मातीतही गारगोटीचे खडे आहेत. माणसाने काढलेला कपचा आणि आपोआप फुटलेला खडा, यांतला फरक तुझं यंत्र सांगेल?

दादा : नाही सांगणार. तू म्हणतेस त्याला आकडा देतो. आमचा नेहमीचा अँटेना ४०० मेगाहर्ट्झचा. कोरड्याशा मातीत रडारची लहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण दहा सेंटीमीटर जाते. म्हणजे तिची लांबी पंचवीस सेंटीमीटर. तिच्या पावपट, म्हणजे सहा-सात सेंटीमीटरहून पातळ थर आम्हाला वेगळा ओळखू येत नाही. सूक्ष्मास्त्र तर त्याहून लहान. जास्त वारंवारतेचा अँटेना लावला तर बारीक दिसतं, पण मग लहर खोल जात नाही. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आत्या : मग?

दादा : मग मी हत्यार शोधतच नाही. मी गुहेच्या तळाचा आकार शोधतो. माती कुठे वीतभर आहे, कुठे तीन मीटर आहे, खालचा कातळ कुठे खोलगट होतो, छताचा पडलेला धोंडा कुठे आहे.

इथे थोडं थांबून ही यंत्रं काय करतात ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचा वाद हवेत राहील.

विद्युतरोध मोजायच्या पद्धतीत जमिनीत चार सळया रोवतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला दाब मोजायचा. ओली चिकणमाती वीज सहज जाऊ देते, ताजा कातळ अडवतो, पोकळी तर जाऊच देत नाही. सळयांमधलं अंतर वाढवलं की वीज अधिक खोलातून जाते. चारऐवजी पन्नास सळया एका रांगेत लावून यंत्राने एकामागून एक चौकड्या निवडल्या की जमिनीचा उभा छेद रंगांत काढता येतो. फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जेने १९१२च्या सुमारास खनिजांसाठी हा मार्ग धरला. पुरातत्त्वात तो १९४६ साली आला, इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सनने टेम्सकाठच्या डॉर्चेस्टरला. जीपीआरमध्ये सळया नाहीत. एक पेटी जमिनीवरून ओढत न्यायची, ती खाली रेडिओलहरी सोडते, आणि जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून त्या परत येतात. चुंबकीय पद्धतीत काहीच सोडायचं नाही, पृथ्वीच्या चुंबकत्वात जागोजागी पडणारा बारीक फरक फक्त टिपायचा. भट्टी, चूल, भाजलेली माती या फरकाने ओळखू येते.

तिन्ही पद्धती मोकळ्या शेतात छान चालतात. गुहेत मात्र त्यांना अडचणी येतात, आणि आत्याला त्या नेमक्या ठाऊक आहेत.

आत्या : गुहा म्हणजे तुझा रस्ता नव्हे. वर छत आहे, दोन्ही बाजूंना भिंती. तुझी लहर खालीच जाते असं नाही, वरही जाते. छतावरून परत आलेली लहर तू जमिनीतला थर म्हणून वाचशील.

दादा : वाचणार नाही. हवेतून लहर अब्जांश सेकंदात तीस सेंटीमीटर जाते, मातीतून त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. वेगावरून हवेतली लहर वेगळी काढता येते. शिवाय अँटेनाला वरून कवच असतं. पण तुझं खरं आहे, अरुंद गुहेत भिंतींचे पडसाद त्रास देतात. म्हणून मी रडारवर एकट्यावर भिस्त ठेवणार नाही.

आत्या : आणि सळया? गुहेच्या जमिनीत पन्नास सळया ठोकल्यास तर पन्नास भोकं पडली. वरच्या थरात चूल असेल, राख असेल. खणायला नको म्हणून आणलेलं यंत्रच भोकं पाडणार.

दादा : ठोकायच्या नाहीत. तांब्याच्या सपाट चकत्या, खाली ओल्या चिकणमातीची चकती. खडकाळ ठिकाणी हे आता नेहमीचं आहे.

आत्या : खोली किती मिळेल? रांग जेवढी लांब, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढंच खोल दिसतं, असं तूच सांगितलं होतंस. गुहा वीस मीटरची. म्हणजे चार मीटर, तेही फक्त मध्यभागी. कडेला काही नाही.

दादा : चार मीटर कमी आहे का? मध्य प्रदेशात भीमबेटकाला वि. ना. मिश्रांनी खणलेल्या शैलाश्रयात सगळा साठा किती होता?

आत्या : जवळजवळ चार मीटर. खाली अश्यूलियन, वर सूक्ष्मास्त्रं.

ती क्षणभर गप्प झाली. हा प्रश्न दादाने तयारीने आणला होता, हे तिच्याही लक्षात आलं असावं. पण तिचा मोठा आक्षेप अजून यायचा होता, आणि तो कोकणाच्या दगडाचा होता.

आत्या : बरं, चुंबकाचं काय? चूल शोधायची तर चुंबकीय पद्धत लागते, असं पुस्तकं म्हणतात. ती पुस्तकं चुनखडीच्या देशांत लिहिली आहेत. आपल्याकडे एक तर बेसॉल्ट, नाहीतर जांभा. दोन्हींत लोह ठासून. देवाचे गोठण्याला कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई दिशा बदलते, हे लोक मुद्दाम जाऊन पाहतात. तिथे चूल पेटलेली नाही, दगडच तसा आहे. अशा दगडावर चार ढेकळं भाजल्याचा फरक कसा दिसणार?

दादा : वरून नाही दिसणार. इथे मी वाद घालत नाही. चुंबकाला शांत जागा लागते, हे मुंबईकराला सांगायची गरजच नाही. कुलाब्याची वेधशाळा आठव. १८४१पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं, १८५९च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे झाली. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजमाप केलं, म्हणजे जुनी आणि नवी नोंद जुळवता येईल, आणि मगच कुलाबा बंद केलं.

आत्या : ती दोन वर्षं मला आवडतात.

दादा : मलाही. पण चुंबकाला पार सोडू नकोस. ट्रेंच खणलीस की तिच्या उभ्या भिंतीवर, दर दोन सेंटीमीटरवर, मातीची चुंबकग्राह्यता मोजायचं लहानसं यंत्र लावता येतं. माती चांगली भाजली गेली की तिच्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि आकडा उडी घेतो. आसपासची माती तीच, दगड तोच, तेव्हा उडी कुठे आहे ते कळतं. राख वाहून गेलेली असेल, कोळसा उरला नसेल, तरी आग कुठल्या पातळीवर पेटली होती याचा माग लागतो.

आत्या : म्हणजे हे यंत्र ट्रेंचनंतरचं. आधीचं नाही.

दादा : हो. नंतरचं.

मला या ठिकाणी वाटलं की वाद मिटत आला. तो मिटला नाही, कारण आत्याच्या मनातली गोष्ट यंत्रापेक्षा वेगळी होती.

आत्या : तू शहरात काम करतोस. लालबागला पेटी ओढत निघालास तर लोक विचारतात, पाणी कधी बंद होणार? कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावात यंत्र घेऊन गुहेत शिरलास तर लोक काय समजतील? खाली धन आहे. सरकारने यंत्र आणलं म्हणजे नक्कीच आहे. तू संध्याकाळी परत गेलास की रात्री कुणी पहार घेऊन जाईल. गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात किती जुन्या जागा उकरल्या गेल्या, ते मी पाहिलंय. एक थापी आणि चाळणी घेऊन बसलेल्या बाईला कुणी धनाबद्दल विचारत नाही. तुझ्या रंगीत चित्रावर लाल ठिपका दिसला की तो गावभर सोन्याचा होतो.

दादा : हा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता.

आत्या : घे. हा मुद्दा तुझ्या सगळ्या भौतिकशास्त्राहून मोठा आहे.

दादाने त्यावर काही दिवसांनी उत्तर आणलं आणि मला ते योग्य वाटलं. सर्वेक्षणाआधी ग्रामसभेत जायचं. यंत्र सगळ्यांसमोर एखाद्या माहीत असलेल्या जागी चालवून दाखवायचं, गावच्या जुन्या विहिरीजवळ किंवा शाळेच्या पाण्याच्या पाइपवर, म्हणजे यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं. टेप धरायला, रेघा आखायला गावचीच माणसं घ्यायची. कातळशिल्पांच्या बाबतीत कोकणात हेच झालं आहे. गुरं चारणाऱ्यांनी, आंबा-काजूच्या बागा असलेल्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती, आणि अभ्यासक त्यांच्या मागोमाग तिथे पोचले. ज्याच्या सड्यावर चित्र आहे, तो ते राखतो. गुहेचंही तसंच व्हायला हवं. आत्याने हे मान्य केलं, पण रंगीत चित्र छापू नये, गुहेची अचूक जागा तर मुळीच छापू नये, ही अट तिने सोडली नाही.

मग त्यांच्यात परदेशातल्या गुहांचं बोलणं निघालं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

स्पेनमधलं आतापुएर्का. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीसाठी रेल्वे टाकताना तिथल्या टेकडीतून खोल खिंड काढली गेली. खिंडीने मातीने गच्च भरलेल्या गुहा मधोमध कापल्या. वरून पाहणाऱ्याला तिथे गुहा आहेत हे कळलंच नसतं. तोंडं केव्हाच बुजली होती. १९९४मध्ये त्यांतल्या ग्रान दोलिनाच्या एका थरात होमो अँटेसेसर या आदिमानवाचे अवशेष मिळाले, २००७मध्ये सिमा देल एलेफान्तेमधून अकरा-बारा लाख वर्षांपूर्वीचा जबड्याचा तुकडा. २०१०मध्ये तिथल्या अभ्यासकांनी विद्युतरोधाचे छेद घेऊन त्या बुजलेल्या गुहा टेकडीत कुठपर्यंत जातात याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

दादा : बघ. रेल्वेने टेकडी फोडली म्हणून पश्चिम युरोपातली सगळ्यात जुनी माणसं सापडली. आपल्याकडेही रेल्वेनेच टेकडी नेली. तिथे खिंडीच्या दोन्ही बाजूंना टेकडी उरली होती, म्हणून शंभर वर्षांनी यंत्र लावता आलं. कांदिवलीत काय उरलं?

आत्या : फारसं नाही. टॉडने वेचलेली हत्यारं आणि त्याने कागदावर काढलेले थर. त्याच्या थरांबद्दल पुढे कुणाला शंका आली तरी जाऊन पाहायचं कुठे? टेकडी बॅकबेत आहे.

दादा : आणि तू म्हणतेस, यंत्राला काय कळतं!

आत्या : अरे, कांदिवलीला यंत्र फिरलं असतं तरी टेकडी वाचली नसती. ती कंत्राटाने फुटली. यंत्र असण्याचा आणि वाचवायची इच्छा असण्याचा काही संबंध नाही. आतापुएर्काचं म्हणशील तर ती चुनखडी आहे. चुनखडीत पाणी गुहा करतं, हाडं टिकतात. आपल्याकडे पावसाने माती आंबट होते, हाड विरघळून जातं. उरतो दगड. त्या गुहांचं माप आपल्याला लावू नकोस.

दादा : हाडं टिकत नाहीत म्हणून तर माती जपायला हवी. हाड मिळालं तर ते एकटं बरंच सांगतं. ते नसेल तर सगळं सांगायचं काम मातीवर पडतं. कुठल्या थरात आग, कुठल्या थरात पाणी शिरलं, कुठल्या थरात वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही. आज मातीच्या कणांवरून ती शेवटची उजेडात कधी होती हे काढता येतं. तू काम सुरू केलंस तेव्हा हे येत होतं?

आत्या : नव्हतं.

दादा : सैबेरियाच्या डेनिसोवा गुहेच्या नुसत्या मातीतून, हाडाशिवाय, जुन्या माणसांचा डीएनए काढल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या उष्ण हवेत ते आज जमत नाही. उद्या जमेल का, किंवा त्याहून वेगळं काही जमेल का, हे तुला-मला सांगता येणार नाही. मी मातीचा नकाशा मागतो तो कुठे खणायचं हे ठरवायला नाही. किती खणायचं नाही, हे ठरवायला. गुहेत एकूण किती घनमीटर माती आहे हेच माहीत नसेल, तर अर्धी ठेवली की शेवटची टोपली काढली, हे तुला कसं कळणार?

यावर आत्या बराच वेळ बोलली नाही. मी इथे दादाच्या बाजूने आहे, हे लपवत नाही. उत्खननाच्या अहवालात ट्रेंच किती बाय किती, किती खोल, हे काटेकोर दिलेलं असतं. पण मागे काय उरलं, याचं माप बहुधा नसतं. जांभ्यातल्या किंवा बेसॉल्टमधल्या लहानशा गुहेत साठा मुळातच थोडा. दोन-तीन हंगामांत तो संपू शकतो, आणि संपला हे संपल्यावरच कळतं. या एका प्रश्नासाठी, मागे काय उरलं या प्रश्नासाठी, विद्युतरोधाची पद्धत आज पुरेशी चांगली आहे. ती हत्यार दाखवत नाही, काळ सांगत नाही, माणूस दाखवत नाही. साठ्याची जाडी दाखवते, तीही ठोकळमानाने. तेवढं पुरतं.

पण आत्याचा प्रत्युत्तराचा मुद्दाही तितकाच भक्कम होता, आणि तो तिने दुसऱ्या दिवशी मांडला.

आत्या : तुझ्या छेदात निळा रंग म्हणजे वीज सहज जाते. म्हणजे ओली माती. की झिजून मऊ झालेला कातळ? जांभ्याखालचा मऊ थरही ओलाच असतो. आणि लाल रंग म्हणजे कातळ, की छताचा कोसळलेला धोंडा? धोंड्याखाली आणखी दोन मीटर साठा असला तर तो तुला दिसणार नाही, आणि तू लिहिशील, इथे साठा संपला. एकदा तसं कागदावर गेलं की पुढची पन्नास वर्षं तिथे कुणी पाहणार नाही.

दादा : म्हणून तीच रांग दोनदा मोजायची. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. साचलेली माती पाणी धरते आणि सोडते, तिचा आकडा खूप बदलेल. धोंड्याचा बदलणार नाही. मऊ कातळाचा बदल वेगळ्या चालीने होईल. दोन चित्रांमधला फरक हे तिसरं चित्र.

आत्या : हे चांगलं आहे. पण तरीही एक ट्रेंच हवी. ट्रेंच नसेल तर तुझे रंग कशाचे आहेत हे तुलाही कळणार नाही.

दादा : हवीच. ट्रेंचशिवाय छेद म्हणजे नुसते आकडे.

आत्या : हे लिहून दे.

त्याने खरंच लिहून दिलं. तिच्या वहीतच दोघांनी मिळून एक आराखडा केला. अमुक गुहेसाठी नाही, कोकणातल्या कुठल्याही नव्या गुहेसाठी. त्यातल्या काही गोष्टींवर त्यांचं लगेच एकमत झालं: आधी गाव, मग यंत्र; यंत्राचे कच्चे आकडे डिजिटल रूपात जपून ठेवायचे, नुसतं रंगीत चित्र नाही, कारण उद्या कुणी तेच आकडे अधिक चांगल्या गणिताने वाचू शकेल; साठ्याचा किमान अर्धा भाग हात न लावता राखायचा. जीपीआर फक्त कोरड्या महिन्यांत. दादाने सांगितलं की दादर-परळच्या खाऱ्या ओलसर चिकणमातीत त्याची लहर जेमतेम मीटरभर जाते, मग पावसाळ्यानंतर कोकणच्या तांबड्या मातीत ती पाठवण्यात अर्थ नाही.

सुरुवात कुठून, यावर मात्र पुन्हा खडाजंगी झाली. दादाला पहिली रांग गुहेच्या मधोमध हवी होती, आत्याला बाहेर.

आत्या : माणूस गुहेत झोपतो, जगतो तोंडाशी आणि बाहेर. उजेड तिथे, वारा तिथे, दगड फोडायला जागा तिथे. वापरून टाकलेलं सगळं उतारावर घरंगळतं. शिवाय तेव्हाचं बाहेरचं जग वेगळं होतं. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून सव्वाशे मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला खूप दूर. गिरगाव तेव्हा समुद्रापासून कित्येक मैल आत. प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली, ती आपल्याच शहरात. त्या काळात कोकणातल्या गुहेतला माणूस किनाऱ्यावरचा नव्हता. त्याचं पाणी, त्याची शिकार, त्याची वाट उताराच्या दिशेने होती. त्या उतारावरच्या मातीत तो आहे.

दादा : बाहेर छत नाही, भिंती नाहीत. माझ्या यंत्रालाही बाहेरच बरं.

आत्या : मग ठरलं. पहिली रांग तोंडापासून खाली ओढ्यापर्यंत.

दादा : आणि ट्रेंच? जिथे साठा सगळ्यात जाड दिसेल तिथे?

आत्या : नाही. एक मीटर बाय एक मीटर, जिथे तुझं चित्र म्हणेल की इथे काही नाही.

दादा : रिकाम्या जागी ट्रेंच?

आत्या : रिकामी आहे असं यंत्र म्हणतं. जाड साठ्यात खणलं तर माती मिळेलच, त्यात यंत्राची काय परीक्षा? पुढची पन्नास वर्षं लोक ज्या जागेकडे तुझ्या शब्दावर पाठ फिरवणार आहेत, ती जागा आधी तपासून दे.

दादाने वहीत दोन ट्रेंच लिहिल्या. रिकाम्या जागेची आधी, जाड साठ्याची नंतर. दुसरीच्या पुढे आत्याने स्वतःच्या हाताने कंसात लिहिलं : पहिलीचा निकाल हाती आल्याशिवाय नाही.